कॉम्प्युटर बंद करतानाच एरर का येते?

दिवसभर कॉम्प्युटर नीट चालतो. संध्याकाळी ‘शट डाउन’ दाबलं की मात्र एक छोटी चौकट उगवते. वर कुठल्या तरी ‘डॉट ईएक्सई’चं, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलचं नाव, खाली ‘द इन्स्ट्रक्शन ॲट’, पुढे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ आणि शेवटी ‘द मेमरी कुड नॉट बी रीड’. वाचून होईपर्यंत स्क्रीन काळी. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत, आणि संध्याकाळी पुन्हा तीच चौकट. घरातलं कुणीतरी म्हणतं, रॅम गेली. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून घ्या.

बहुतेक वेळा दोघंही चुकीचे असतात. चालू कॉम्प्युटर बंद करणं आपल्याला एका बटणाचं काम वाटतं, पण आतून ते बरंच गुंतागुंतीचं आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टलाही ते दर वेळी जमत नाही. विंडोज ११ मध्ये ‘अपडेट अँड शट डाउन’ निवडलं तरी काही मशीन बंद होण्याऐवजी पुन्हा सुरू होऊन बसायची. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. लगेच जानेवारी २०२६ च्या अपडेटनंतर नवा घोळ झाला. विंडोज ११ ची २३एच२ आवृत्ती आणि ‘सिक्युअर लाँच’ ही सुरक्षा सोय चालू असलेली काही मशीन बंद करायला गेलं की रीस्टार्ट होऊ लागली, आणि काही दिवसांतच तातडीचं दुरुस्ती-अपडेट काढावं लागलं.

आपल्या घरातल्या चौकटीचं कारण सहसा इतकं मोठं नसतं. ते समजायला आधी बंद होताना काय काय घडतं ते पाहू.

बंद होणं म्हणजे नेमकं काय?

लग्न आटोपल्यावर मंगल कार्यालय रिकामं करतात तसंच हे असतं. मॅनेजर एकदम लाइट घालवत नाही. आधी खोल्याखोल्यांतून सांगत फिरतो, आवरा, निघायचंय. पाहुणे सामान बांधतात, मग आचाऱ्याची भांडी, मग मांडववाले आणि अगदी शेवटी मेन स्विच.

विंडोज हाच क्रम पाळते. ‘शट डाउन’ दाबलं की उघड्या खिडक्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ती विचारते: सत्र संपवतेय, चालेल ना? उत्तर द्यायला साधारण ५ सेकंद मिळतात. प्रोग्रॅमने होकार दिला की तो आपलं काम जपून ठेवतो आणि मिटतो. ते झालं की मागे गुपचूप चालणाऱ्या सेवांची पाळी येते, म्हणजे प्रिंटरची रांग सांभाळणारी, अपडेट आणणारी, अँटिव्हायरसची. त्यांनाही मोजकीच सेकंदं असतात. मग ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एकेक भाग विंडोजशी जोडून देणारे छोटे प्रोग्रॅम. डिस्कवर लिहायचं राहिलेलं सगळं लिहून झालं की वीज तोडली जाते.

एरवी एकाच वेळी मिटायची वेळ शंभरेक प्रोग्रॅमवर कधी येत नाही. दिवसभर झाकून राहिलेली चूक संध्याकाळी उघडी पडते ती यामुळे.

‘मेमरी कुड नॉट बी रीड’

यातली ‘मेमरी’ म्हणजे रॅमची पट्टी नव्हे, आणि निम्मी घबराट या एका गैरसमजातून होते. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या स्वतःच्या पत्त्यांची एक यादी देते: या क्रमांकापासून या क्रमांकापर्यंतची जागा तुझी. प्रोग्रॅम आपल्या वस्तू तिथे ठेवतो आणि कुठली वस्तू कुठे आहे त्याचा पत्ता लिहून ठेवतो.

आता बंद होतानाचं दृश्य पाहा. एकाच प्रोग्रॅमच्या आत अनेक कामं एकाच वेळी चालू असतात. मुख्य काम आवराआवर करतं, जागा परत देऊन टाकतं. पण आतलंच एखादं दुसरं काम अजून थांबलेलं नसतं. मामांनी खोली सोडून किल्ली काउंटरवर दिलेली असते आणि मामी विसरलेली पिशवी आणायला वर गेलेल्या असतात. खोलीला कुलूप. ही चौकट म्हणजे त्या कुलपाची पाटी.

चौकटीतला दुसरा आकडा, म्हणजे प्रोग्रॅम ज्या पत्त्यावर जायला निघाला तो, अनेकदा सगळा शून्यांचा असतो. याचा अर्थ पत्त्याच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं. अशा चुका पकडता याव्यात म्हणून विंडोजने पत्त्यांच्या यादीतला अगदी सुरुवातीचा ६४ केबीचा तुकडा कायमचा बंद ठेवला आहे, तिथे कुणालाही प्रवेश नाही. प्रोग्रॅम तिकडे गेला की प्रोसेसर जागच्या जागी त्याला अडवतो आणि विंडोज त्याला बंद करते. म्हणजे चौकट दिसली तेव्हा पहारा ठीक चालू होता. आणि ज्याला बंद केलं, तो तसाही बंदच होणार होता.

मग याने नुकसान काहीच नाही? सहसा नाही. मात्र तो प्रोग्रॅम त्याच क्षणी एखादी फाइल लिहीत असेल तर ती अर्धवट राहू शकते. त्यामुळे चौकटीत हिशेबाच्या किंवा फोटोंच्या प्रोग्रॅमचं नाव असेल तर दुर्लक्ष करू नका. तो प्रोग्रॅम आधी हाताने बंद करा, दहा सेकंद थांबा, मगच शट डाउन करा. अनेकांची चौकट एवढ्यानेच जाते, कारण आवरायला त्या प्रोग्रॅमला निवांत वेळ मिळतो.

आकडा सोडा, नाव टिपा

मोबाइलवर फोटो काढून ती आकड्यांची माळ गूगलमध्ये जशीच्या तशी टाइप करणारे खूप आहेत. काही हाती लागत नाही, आणि लागणारही नाही. विंडोज व्हिस्टापासून सुरक्षेसाठी पत्ते मुद्दाम बदलते ठेवले जातात, म्हणजे हल्लेखोराला कुठली वस्तू कुठे आहे याचा अंदाज बांधता येऊ नये. तुमचा आजचा आकडा उद्या तुमच्याच मशीनवर वेगळा असू शकतो, तर पुण्यातल्या दुसऱ्या कुणाच्या मशीनशी तो जुळणार कसा?

उपयोगाचं असतं ते चौकटीच्या माथ्यावरचं नाव. ते टिपायला वेळ मिळाला नाही तरी हरकत नाही, विंडोजने त्याची नोंद ठेवलेली असते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ हा पर्याय येतो. त्यात तारखांचा तक्ता दिसतो आणि ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवशी लाल फुली. माझ्या मते विंडोजमधली ही सगळ्यात दुर्लक्षित सोय आहे. तारखेवर क्लिक केलं की कोण पडलं ते नाव मिळतं, आणि त्याच्या आदल्या दिवशी कुठलं सॉफ्टवेअर किंवा अपडेट बसलं तेही त्याच तक्त्यात सापडतं. हा मेळ बसला की निम्मं काम झालं.

नाव ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ असेल तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. तुमचा डेस्कटॉप, खालची पट्टी, फोल्डरच्या खिडक्या हे सगळं एक्सप्लोरर चालवतो, आणि त्याच्या पोटात इतरांच्या वस्तूही राहतात. फाइलवर राइट-क्लिक केल्यावर झिप करणारं सॉफ्टवेअर, क्लाउडवर फाइल ठेवणारं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस आपापल्या ओळी दाखवतात ना, त्यातल्या बऱ्याच ओळींमागचा तुकडा एक्सप्लोररच्या आत बसलेला असतो. त्यातला एक पडला की नाव एक्सप्लोररचं होतं. खरा गुन्हेगार तपशिलातल्या ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’ या ओळीत दिसण्याची शक्यता असते. तिथे ‘एनटीडीएलएल’ लिहिलेलं असेल तर मात्र काही कळलं असं समजू नका. तो विंडोजचा तळाचा भाग आहे आणि बहुतेक प्रोग्रॅमची कामं त्याच्यातून जातात, त्यामुळे दुसऱ्याची चूकही पुष्कळदा त्याच्याच दारात उघडकीला येते. ‘डीएलएल फाइल (प्रोग्रॅमना लागणारे असे तयार भाग) मोफत डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या साइटवर तर मुळीच जाऊ नका. तिथून एररऐवजी व्हायरस घरी येतो.

नाव कळल्यावर उपाय साधे आहेत. ते सॉफ्टवेअर अपडेट करा. नाही जमलं तर काढून पुन्हा टाका. लागत नसेल तर काढूनच टाका, आणि हे सगळ्यात चांगलं. नाव कळतच नसेल तर ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’ उघडा, सर्व्हिसेसमध्ये ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर आधी खूण करा (ही पायरी विसरलात तर भलत्याच गोष्टी बंद पडतील), उरलेल्या सेवा बंद करा, टास्क मॅनेजरमधून स्टार्टअपचे प्रोग्रॅमही बंद करा आणि रीस्टार्ट करा. चौकट गेली तर अर्धे चालू करून पाहा, मग उरलेल्यांतले अर्धे. कंटाळवाणं आहे, पण गुन्हेगार सापडतो.

१४२ने संपणारा कोड

दुसरी नेहमीची चौकट म्हणते, ‘द ॲप्लिकेशन वॉज अनेबल टू स्टार्ट करेक्टली’, आणि पुढे १४२ने संपणारा कोड. बंद करताना ‘स्टार्ट’ची तक्रार कशी काय, असं वाटणं साहजिक आहे. कार्यालयाचे लाइट मालवत असताना एखादा पाहुणा अहेर घेऊन दारात उभा राहतो, तसा हा प्रकार. सत्र मिटत असताना कुठल्या तरी प्रोग्रॅमने दुसरा प्रोग्रॅम सुरू करायचा प्रयत्न केला, आणि त्याला लागणारे भाग तोवर मिटले होते.

गंमत म्हणजे यात पुष्कळदा ‘वेरफॉल्ट’ हे नाव दिसतं. कुठला प्रोग्रॅम कोसळला त्याचा अहवाल लिहिणारा हा विंडोजचाच प्रोग्रॅम. म्हणजे आधी दुसराच कुणीतरी पडला, त्याची नोंद करायला हा धावला आणि दारातच अडला. अशा वेळी वेरफॉल्टला बंद करण्याच्या युक्त्या करू नका. रिलायबिलिटीच्या तक्त्यात तो पहिला कोण ते शोधा.

‘धिस ॲप इज प्रिव्हेंटिंग शटडाउन’

ही खरं तर एररच नाही, विचारणा आहे. एखाद्या प्रोग्रॅमने ‘अजून नको’ म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही. न जपलेलं पत्र, उघडी एक्सेल शीट ही नेहमीची कारणं. ‘कॅन्सल’ दाबून परत जा आणि सेव्ह करा. ‘शट डाउन एनीवे’ दाबलंत तर न जपलेलं गेलं असं धरून चाला. आणि काहीच न दाबता जेवायला गेलात तर विंडोज थोडा वेळ वाट पाहून बंद व्हायचा बेत सोडून देते. सकाळी कॉम्प्युटर चालूच सापडतो तो असा.

कधीकधी यादीत ‘जीडीआय प्लस विंडो’ असं गूढ नाव येतं. ते एक्सप्लोररचंच एक अंग आहे. डेस्कटॉपवर फोटो आपोआप बदलत राहावेत अशी सोय लावली असेल तर ती बंद करून एकच फोटो ठेवून पाहा, पुष्कळांचं काम तेवढ्यात होतं.

‘यूट्यूबवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करायला सांगतात, मग ही पाटी येतच नाही’, असं कुणी म्हणेल. खरं आहे, येत नाही. त्या बदलाने प्रोग्रॅमना मिळणारा वेळ कमी होतो आणि अडलेले प्रोग्रॅम न विचारता मारले जातात. पाटी जाते, तिच्याबरोबर एखाद्या दिवशी तीन तासांचं टायपिंगही जातं. मला हा सौदा परवडणारा वाटत नाही.

मी तर रोज बंद करतो, तरी ‘अप टाइम’ बारा दिवस?

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलात तर खाली ‘अप टाइम’ दिसतो. रोज रात्री शट डाउन करूनही तो कित्येक दिवसांचा निघतो, आणि लोक चक्रावतात.

याचं कारण ‘फास्ट स्टार्टअप’. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ही सोय आली. यात तुमचे प्रोग्रॅम खरोखर बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर बंद होत नाहीत. त्यांची जशी असेल तशी अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. सुरू व्हायला वेळ कमी लागतो खरा, पण ड्रायव्हरमध्ये कालचा काही गोंधळ असेल तर तोही जसाच्या तसा परत येतो. म्हणून शट डाउनपेक्षा रीस्टार्ट जास्त पक्का, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे. रीस्टार्टमध्ये गाभ्यासकट सगळं नव्याने उभं राहतं. ‘रीस्टार्ट करून पाहिलंत का?’ हा हेल्पलाइनवाल्यांचा छापील प्रश्न वाटतो, पण त्यात तथ्य आहे.

एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. कायमचं करायचं तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’, आणि खाली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर चालणारी वेगवान डिस्क असेल तर सुरू होण्याच्या वेळात फारसा फरक जाणवणार नाही. मी तरी ती खूण काढून ठेवण्याच्या मताचा आहे.

निळी स्क्रीन आली तर

आतापर्यंतच्या चौकटी एकेका प्रोग्रॅमच्या होत्या. बंद करताना सगळी स्क्रीन निळी (नव्या विंडोज ११ मध्ये काळी) होऊन ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ लिहून आलं, तर प्रकरण गंभीर आहे. विंडोजने एखाद्या भागाला झोपायला किंवा बंद व्हायला सांगितलं आणि त्याच्या ड्रायव्हरने ठरल्या वेळेत काम पुरं केलं नाही. आधी प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डोंगल अशा यूएसबीच्या वस्तू काढून बंद करून पाहा. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्याच मॉडेलचे वाय-फाय, ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा.

बटण दाबून धरलं तर काय बिघडतं?

पॉवर बटण चारपाच सेकंद दाबून धरलं की विंडोजला न विचारता वीज तुटते. पावसाळ्यात लाइट गेली की यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपचं हेच होतं. दर वेळी विंडोज बिघडत नाही, कारण एनटीएफएस ही डिस्कवर फाइल मांडायची पद्धत प्रत्येक फेरबदलाची आधी नोंद करते आणि पुन्हा सुरू झाल्यावर त्या नोंदीवरून मांडणी सावरून घेते. पण हे संरक्षण मांडणीला आहे, फाइलच्या आतल्या मजकुराला नाही. टॅलीत नोंद चालू असताना किंवा अपडेट बसत असताना वीज गेली तर डोकेदुखी होऊ शकते. तेव्हा अडकलेल्या मशीनला वेळ द्या. अपडेट चालू असेल तर तासभरसुद्धा थांबा. डिस्कचा दिवा अजिबात हलत नसेल तरच बटण.

मग रॅम कधी खराब समजायची?

एक ढोबळ कसोटी चांगली चालते. रोज एकच नाव येत असेल तर दोष त्या सॉफ्टवेअरचा. आज ब्राउझर, उद्या वर्ड, परवा आणखी तिसरंच, आणि तेही नुसतं बंद करताना नाही तर काम करतानाही, असं असेल तर रॅम, डिस्क किंवा तापणारं मशीन यांचा संशय घ्यावा. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधा. मशीन रीस्टार्ट होऊन रॅम तपासली जाते, पैसे लागत नाहीत.

फॉरमॅटबद्दल बोलायचं तर त्याने चौकट नक्की जाईल. मग तुम्ही तेच प्रिंटरचं सॉफ्टवेअर, तोच अँटिव्हायरस टाकाल आणि आठवड्याने ती परत येईल.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणा आणि एक फोन

जास्त खोलात जायचं असेल त्यांच्यासाठी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही आहे. तिथल्या सिस्टम लॉगमध्ये १०७४ क्रमांकाची नोंद मशीन कुणी बंद केलं ते सांगते. ६००८ किंवा ‘कर्नल-पॉवर ४१’ म्हणजे आधीचं बंद होणं नीट झालं नव्हतं. ४१ हे कारण नसतं, नुसती तक्रार असते, कारण वीज गेली तरी तीच नोंद आणि मशीन गोठलं तरी तीच.

त्या यादीत लाल-पिवळ्या खुणा ढिगाने दिसतील. धडधाकट मशीनवरही दिसतात. त्यातली १००१६ क्रमांकाची वारंवार येणारी नोंद सोडून दिली तरी चालते, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आहे. नेमका याचाच फायदा भामटे घेतात. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ म्हणत फोन येतो, तुमच्याकडूनच इव्हेंट व्ह्यूअर उघडवून घेतात, लाल खुणा दाखवून घाबरवतात, मग स्क्रीनचा ताबा देणारं ॲप टाकायला लावतात आणि तिथून बँकेपर्यंत पोचतात. मायक्रोसॉफ्ट आपणहून कुणाला असा फोन करत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मशीन दुकानात न्यायची वेळ आलीच तर कागदावर चार गोष्टी लिहून न्या: चौकटीवरचं नाव, ‘फॉल्ट मॉड्यूल’चं नाव, पहिल्यांदा कधी आली ती तारीख, आणि त्याच्या आसपास काय नवीन बसवलं. निघण्याआधी फोटो आणि हिशेबाच्या फाइल स्वतःच्या हाताने बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि डिस्क घरीच ठेवा.